मुलाला एजन्सीमार्फत कारखान्यात पाठवावे का? धारूर तालुक्यातील एका आईच्या पत्राला उत्तर

पत्र : माझा मुलगा १९ वर्षांचा असून त्याने यंदा आयटीआयमधून फिटर ट्रेड पूर्ण केला आहे. आम्ही नवरा-बायको १४ वर्षे ऊसतोडीला जातो. ओळखीच्या एका माणसाने एजन्सीमार्फत छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यात हेल्परचे काम सांगितले आहे. बारा तासांची पाळी, महिन्याला १६ हजार रुपये हातात आणि राहण्याची सोय एजन्सीची. त्यासाठी ३ हजार रुपये डिपॉझिट आणि आयटीआयचे मूळ सर्टिफिकेट जमा करायचे आहे. वाळूजला जमले नाही तर जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये (लोखंडी सळ्यांच्या कारखान्यात) लावतो आणि २४० दिवस भरले की मुलगा परमनंट होतो, असेही तो सांगतो. शेजारच्या वस्तीवरच्या एका मुलाचा हात मशीनमध्ये गेला, तेव्हापासून मला झोप नाही. त्याला पाठवू का? आणि पहिल्या दिवशी मी सोबत गेले तर चालेल का?

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. मुलाला कारखान्यात जरूर पाठवा, परंतु या माणसाने सांगितलेल्या अटींवर पाठवू नका. ज्या घरातील आईवडिलांनी १४ हंगाम कोयता चालवला, त्या घरातील मुलगा फिटर होऊन कारखान्याच्या फाटकाशी पोहोचला आहे, ही मोठी गोष्ट आहे. म्हणूनच त्याचे पहिले पाऊल कोठे पडते, याची मला तुमच्याइतकीच काळजी वाटते.

मुकादमाचा व्यवहार तुम्हाला मी समजावून सांगण्याची गरज नाही. ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम आधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो आणि त्या उचलीने माणूस बांधला जातो. येथे एजन्सीचा माणूस उचल देण्याऐवजी तुमच्याकडूनच ३ हजार रुपये आणि मूळ सर्टिफिकेट मागतो आहे, पण त्यानेही मुलगा तितकाच बांधला जाईल. काम धोक्याचे निघाले किंवा पगार अडकला, तरी सर्टिफिकेट त्यांच्या कपाटात असल्यामुळे त्याला दुसरीकडे अर्जदेखील करता येणार नाही. मूळ कागद दाखवून परत घ्यावेत आणि झेरॉक्स द्यावी. डिपॉझिट देऊ नये, कोऱ्या कागदावर सही करू नये आणि पगाराच्या खात्याचे एटीएम कार्ड कोणाच्याही हाती देऊ नये. काही ठेकेदार कार्ड आपल्याकडे ठेवतात, बँकेत पूर्ण पगार जमा झाल्याचे दाखवतात आणि त्यातील रक्कम काढून घेतात. जी एजन्सी डिपॉझिटशिवाय मुलगा घेतच नाही, तिच्याकडे न गेलेलेच बरे. वाळूजमध्ये माणसे पुरवणाऱ्या एजन्सी अनेक आहेत.

आता १६ हजारांचा हिशेब पाहू. कायद्याने कामाचा आठवडा ४८ तासांचा आहे आणि त्यापुढील कामाला दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. महिन्याचे २६ दिवस रोज आठ तासांप्रमाणे धरले तर २०८ तास होतात. बारा तासांच्या पाळीमुळे त्यात १०४ तासांची भर पडते आणि दुप्पट दरामुळे ते पुन्हा २०८ तासांइतके धरावे लागतात. म्हणजे ढोबळमानाने बारा तासांच्या पाळीचा महिना हा आठ तासांच्या दोन महिन्यांच्या मोलाचा असला पाहिजे. यावरून, तुमच्या मुलाला सांगितलेले १६ हजार म्हणजे आठ तासांच्या कामाचे केवळ ८ हजार रुपये होतात. त्यातच ओव्हरटाइमला तिमाहीची कमाल मर्यादा असते आणि रोजचे चार तास त्या मर्यादेच्या फार पुढे जातात. किमान वेतनातील विशेष भत्त्याचे दर राज्याचा कामगार विभाग दर सहा महिन्यांनी जाहीर करतो. ते पाहून एजन्सीला एकच प्रश्न विचारावा : आठ तासांचा पगार किती आणि ओव्हरटाइमचा दर किती? हे दोन आकडे वेगवेगळे सांगायला जो तयार नसेल, त्याच्या ‘हातात’ या शब्दावर विश्वास ठेवू नका.

पगाराइतकीच महत्त्वाची कागदाची बाब आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे. त्या पत्रावर एजन्सीचे नाव, कामाचे नाव आणि पगार लिहिलेला असावा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील ही तरतूद नव्या संहितेतही कायम आहे. मात्र हक्क मागायचा तर मुलगा त्या कंपनीच्या आवारात काम करत होता, याचा पुरावा हाताशी हवा. म्हणून गेटपासचा व हजेरी कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा, तो तुमच्याही मोबाईलवर पाठवावा आणि रोजची येण्याजाण्याची वेळ एका छोट्या वहीत लिहावी. तुम्ही उसाच्या खेपा वहीत लिहून ठेवत असाल, तर ही सवय घरातलीच आहे. पगार बुडालाच तर कामगार उपायुक्त कार्यालयात तक्रार करताना हीच वही उपयोगी पडते.

पीएफसाठी, म्हणजे भविष्य निर्वाह निधीसाठी पगारातून १२ टक्के कापले जातात आणि मालकाने तेवढीच रक्कम स्वतःकडून भरायची असते. मालकाचा वाटाही कामगाराच्याच पगारातून कापणे बेकायदेशीर आहे, म्हणून पगाराची स्लिप नीट वाचावी. मुलाला मिळणारा पीएफचा १२ अंकी यूएएन क्रमांक आयुष्यभर तोच राहतो, एजन्सी बदलली तरी तोच सांगायचा असतो. कापलेली रक्कम खरोखर भरली जाते की नाही, हे उमंग अ‍ॅपवरील पासबुकात दर महिन्याला दिसते. आधार कार्ड, बँक खाते आणि आयटीआयचे सर्टिफिकेट या तिन्हींवरील नाव व जन्मतारीख जुळते का, हे मात्र गावातून निघण्यापूर्वीच पाहून घ्या, कारण एका अक्षराच्या फरकापायी पीएफचे पैसे पुढे कित्येक महिने अडकतात.

ईएसआयबद्दल, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तुमची झोप ज्या गोष्टीने उडाली आहे, तिच्याशी याचा थेट संबंध आहे. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ही योजना लागू होते. त्याच्या पगारातून फक्त ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. कामावर इजा झाल्यास पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात आणि कामावर जाता येत नाही त्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के भरपाई मिळते. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही यात धरला जाऊ शकतो आणि रात्रपाळी संपवून दुचाकीने परतणाऱ्या मुलांसाठी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अडचण अशी, की काही एजन्सी पहिले एक-दोन महिने नावच नोंदवत नाहीत. ‘आधी टिकतो का ते पाहू’ असे त्या म्हणतात. अपघाताचा धोका तर नव्या कामगाराला याच दिवसांत सर्वाधिक असतो. म्हणून ईएसआयचा १० अंकी विमा क्रमांक हाती आल्याशिवाय मुलाने मशीनजवळ उभे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे पुढील शिक्षणाविषयी विचारायला आला होता. बोलताना तो उजवा हात सतत टेबलाखाली ठेवत होता. त्याला पॅकिंगसाठी घेतले होते. नवव्या दिवशी पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचा ऑपरेटर आला नाही, सुपरवायझरने ‘फक्त आजच्या दिवस’ म्हणून याला तेथे उभे केले आणि त्याची दोन बोटे गेली. त्यानंतर एजन्सीतून येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पगाराच्या आधी हेच विचारतो, की तुला कोणत्या कामासाठी घेतले आहे आणि प्रत्यक्षात कोणत्या मशीनवर उभे करतात?

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या भागांत गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने पुष्कळ आहेत आणि पत्रा कापणारे, वाकवणारे पॉवर प्रेस तेथे सर्रास असतात. चांगल्या प्रेसला दोन बटणे असतात आणि दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, जेणेकरून एकही हात डायमध्ये, म्हणजे साच्यात राहू नये. काही प्रेसना समोर सेन्सर असतो व हात आत गेला की मशीन थांबते. उत्पादनाचा आकडा वाढवण्यासाठी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवणे किंवा सेन्सर बायपास करणे हे प्रकार घडतात. असे मशीन दिसले तर मुलाने त्यावर काम करू नये. माल अडकला तर तो हाताने न काढता आधी मशीन बंद करावे, मेन स्विच पाडावा आणि मगच चिमट्याने काढावा. फिरणाऱ्या ड्रिल किंवा लेथजवळ हातमोजे घालणे धोक्याचे असते, कारण मोजा अडकला की त्याच्याबरोबर हातही ओढला जातो. मनगटातील दोरा, कडे, सैल बाही आणि गळ्यात लोंबणारा गेटपास यांचेही तसेच आहे. तुम्ही श्रद्धेने बांधलेला गंडा असेल, तर तो कामाच्या वेळी काढून खिशात ठेवायला तुम्ही स्वतःच सांगा. आईने सांगितले तर तो काढेल.

नवा मुलगा गप्प राहतो, कारण नाही म्हटले तर उद्या गेटवरून परत पाठवतील, अशी त्याला भीती असते आणि ती भीती खोटी नाही. म्हणून नकार कसा द्यायचा, हेही शिकवावे लागते. ‘साहेब, हे मशीन मला शिकवलेले नाही. शिकवा, मग चालवतो,’ हे वाक्य त्याने घरीच चार वेळा मोठ्याने म्हणून पाहावे. यात उद्धटपणा नाही आणि कामाला नकारही नाही. एवढे म्हटल्याबद्दल काम गेलेच, तर जाऊ द्यावे.

जालन्याच्या रोलिंग मिलचा पर्याय मी सध्या पूर्णपणे बाजूला ठेवीन. तेथील भंगार वितळवण्याच्या भट्टीत ओले किंवा बंद डब्यातले भंगार पडले तर वितळलेला धातू उसळून बाहेर येतो. प्रशिक्षणाशिवाय ते काम १९ वर्षांच्या मुलाला देऊ नये.

राहण्याच्या सोयीबद्दल एक गोष्ट कटाक्षाने पाहा. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेल्यांपैकी सहा कामगारांचा मृत्यू झाला. एजन्सीची सोय कारखान्याच्या आवारात किंवा गोदामाच्या वर असेल, तर ती नाकारावी. रांजणगाव शेणपुंजी किंवा बजाजनगरमध्ये चार मुलांनी मिळून खोली घेतली, तर थोडे भाडे जाईल, पण मुलगा सुरक्षित जागी झोपेल.

२४० दिवसांच्या आश्वासनावर विसंबू नका. ठेकेदाराकडचे दिवस भरले म्हणून मूळ कंपनीत आपोआप कायम होता येत नाही. कंत्राट पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २००१ मध्ये भारतीय पोलाद प्राधिकरण (सेल) या सरकारी कंपनीच्या खटल्यात झाला आहे. शिवाय काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन दुसऱ्या एजन्सीच्या नावावर पुन्हा घेण्याची पद्धत तेथे सर्वांना माहीत आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला शिकाऊ उमेदवारीचा आहे. फिटर झालेला मुलगा शासनाच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवून कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागू शकतो. विद्यावेतन १६ हजारांपेक्षा कमी असेल, हे मी लपवत नाही आणि उचल फेडायची असेल तर हा फरक घराला जाणवेल. परंतु शेवटी परीक्षा देऊन मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र त्याला फिटर म्हणून ओळख देते. एजन्सीचे पत्र मात्र बहुतेक वेळा ‘हेल्पर’ एवढेच म्हणते. दोन महिन्यांत अप्रेंटिसशिप मिळाली नाही, तर वरील अटींवर एजन्सीचे काम घ्यावे, पण ते एक ते दीड वर्षापुरतेच, हे घरात आधीच ठरवावे. त्या काळात त्याने व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मोजमापाची साधने आणि ड्रॉइंग वाचन पक्के करावे, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) सेटिंग करणाऱ्याच्या शेजारी उभे राहून पाहावे आणि शिकलेल्या मशीनचे नाव वहीत लिहावे. पुढे छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूम या प्रशिक्षण संस्थेतील अभ्यासक्रम आहेत. आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळू शकतो आणि तुमच्या मुलाने ते मनात धरावे, असे मला वाटते.

पहिल्या दिवशी सोबत जाण्याबद्दल तुम्ही संकोचून विचारले आहे. अवश्य जा. फाटकाच्या आत तुम्हाला सोडणार नाहीत, पण एजन्सीच्या कार्यालयात मुलाशेजारी बसता येईल, नियुक्तीपत्राचा फोटो काढता येईल आणि ठेकेदाराचा व सुपरवायझरचा फोन नंबर लिहून घेता येईल. नंतर खोली पाहा, दार आतून सहज उघडते का, खिडकी आहे का, ते तपासा आणि घरमालकिणीशी दोन शब्द बोलून तुमचा नंबर तिच्याकडे द्या. पुढच्या हंगामात तुम्ही फडावर असाल, तेव्हा रविवारची एक वेळ ठरवून त्याने फोन करावा. त्या फोनवर पगाराच्या आधी त्याला विचारा, की या आठवड्यात तुला कोणत्या मशीनवर उभे केले होते.

आपला,
करिअर समुपदेशक