जुनी, पण वेगवान : पहिली खरेदी

प्रश्न : पुण्यातील एका गृहस्थांची २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस मला आवडली आहे. आजवर मी साध्याच गाड्या चालवल्या. घेण्यापूर्वी काय तपासावे?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : निवड चांगली आहे. २३० अश्वशक्तीच्या या गाडीची खरी परीक्षा किलोमीटरच्या आकड्यात नसून तिच्या सर्व्हिसच्या नोंदींत असते. तिच्या सहा-गिअर डीएसजीचे (दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे) तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलावे लागते. त्याचे बिल मिळत नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहा, आणि मालकाने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर सरळ दुसऱ्या दिवशी या. ताकद वाढवण्यासाठी ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकात, फेरफार केला आहे का, हे स्पष्ट विचारा, कारण क्लच आणि टर्बोवर त्याचा ताण पडतो आणि विमा कंपनीलाही तो कळवावा लागतो. टायरच्या कडेवरील चार आकडेही वाचा : ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, तर मालकाने काटकसर नको तिथे केली, असे मी समजतो.

कर्ज फिटल्याची नोंद आणि मूळ आरटीओची एनओसी हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. गोव्यात पुन्हा नोंदणी करताना येथील रस्ता कर भरावा लागेल, तोही हिशेबात धरा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत गंज लवकर धरतो, म्हणून गाडी लिफ्टवर चढवून तळ अवश्य पाहून घ्या.