वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा करायची असल्यास सर्जन कसा निवडावा?
ज्याने अशा दुरुस्तीच्या, म्हणजे रिव्हिजन शस्त्रक्रिया नियमितपणे केल्या आहेत आणि त्यांतील गळती, रक्तस्राव व पुन्हा दाखल करावे लागण्याचे प्रमाण जो विचारल्यावर आकड्यांत सांगतो, असा सर्जन निवडावा. पहिल्या वेळच्या शस्त्रक्रियांची मोठी संख्या येथे पुरेशी नाही. कारण आधीच्या शस्त्रक्रियेमुळे जठर बहुधा यकृताला चिकटलेले असते, ऊतींचा रक्तपुरवठा बदललेला असतो आणि टाक्यांच्या जागी गळती होण्याचा धोका वाढतो. जुना शस्त्रक्रिया-अहवाल न मागता आणि एंडोस्कोपी न करता थेट तारीख देणारा सर्जन मी तरी टाळेन. स्लीव्हनंतर, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखे अरुंद करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, आम्ल घशाशी येण्याचा तीव्र त्रास असताना पुन्हा स्लीव्हच सुचवली, तर कारण अवश्य विचारावे, कारण तेव्हा सहसा बायपासचा, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा, विचार होतो. मात्र वजनवाढीचे मूळ जठराच्या रचनेत नसून आहारात किंवा चालू औषधांत असेल, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरजच नसू शकते.