सारथी कोरवारचा ‘मोअर अरायव्हिंग’ हा अल्बम जॅझ म्हणायचा की हिप-हॉप? तबला शिकणाऱ्याने तो ऐकावा का?

तुमच्या त्या सिनियरने अल्बम ऐकलेलाच नाहीये, हे आधी सांगून टाकतो. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की क्लासमधला एक सिनियर म्हणाला, "हे फ्यूजन आहे, रॅपमधे ताल नसतो नुसता ठोका असतो, वेळ घालवू नकोस." एवढं वाक्य नसतं तर मी पुढे स्क्रोल केलं असतं. पण हे वाक्य मी अगदी याच शब्दांत ऐकलंय, आणि त्यावरून माझं एका माणसाशी अजून नीट बोलणं नाहीये, त्यामुळे आता ऐका.

आधी तुमच्या प्रश्नाचं. हा ड्रमरने केलेला अल्बम आहे, एवढं धरून चाला, बाकी जॅझ की हिप-हॉप ही दुकानदाराची अडचण आहे, कप्पा कुठला द्यायचा म्हणून. २०१९ च्या जुलैमधे आला, लीफ लेबलवर. वाजवणारी मंडळी लंडनच्या जॅझमधली, बोलणारी मंडळी मुंबई, दिल्ली, लंडन, अबुधाबी अशी विखुरलेली. कोरवार स्वतः ड्रम वाजवतो, तबला वाजवतो आणि प्रोड्यूसही करतो. जन्म अमेरिकेतला, वाढला अहमदाबाद आणि चेन्नईत, आणि सतराव्या वर्षी कॉलेजसाठी पुण्यात आला. पर्यावरणशास्त्र शिकायला आला आणि इथे राजीव देवस्थळींकडे तबला शिकला. पुढे लंडनला गेला, तिथे बनारस घराण्याच्या संजू सहायांकडे तालीम आणि सोआस या तिथल्या विद्यापीठातून संगीताची मास्टर्स. तिथे त्याने विषयच हा धरला की तबल्याचं शिक्षण ड्रमसेटवर कसं उतरवायचं. म्हणजे तुमच्या सिनियरला जो माणूस तालाबाहेरचा वाटतो तो त्याच्याच गल्लीत कायदे, म्हणजे तबल्याच्या बांधीव रचना, घोटून गेलेला आहे.

आता माझं. मी तबला वाजवतो, पोटापाण्यासाठी दुसरं काम करतो, आणि मधली काही वर्षं पुण्यात एका बँडमधे होतो. बँड म्हणजे सतार, कीबोर्ड, कहोन (वर बसून वाजवायची लाकडी पेटी), मी, आणि वर एक बासरी असली तर असली. लीडर होता आमचाच एक गुरुबंधू, नाव नको, दादा म्हणू. दादाचा हात सुंदर आहे, माझ्यापेक्षा बराच वरचा, ते मी आजही कबूल करतो. पण लग्नं आणि कंपन्यांचे कार्यक्रम घेऊन घेऊन त्याचं एक ठरून गेलं होतं की लोकांना काय पाहिजे. लोकांना पाहिजे झब्बा, मागे निळा लाईट, सतारीवर एखादी ओळखीची धून, आणि तबलजीने डोळे मिटून मान हलवायची. मला एकदा चक्क म्हणाला होता, "तू वाजवताना जरा स्पिरिच्युअल दिस ना रे." मी म्हटलं मी हिशोब करतोय, तिहाई चुकली तर तुझंच तोंड वाकडं होणार.

तर एका कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमाला आयोजकांनी सांगितलं की तरुण क्राउड आहे, एक रॅपर घ्या. येरवड्याचा एक पोरगा होता, माझ्या ओळखीचा, मराठीत लिहायचा, पाठ एकदम चोख. साउंडचेकला तो वेळेच्या आधी येऊन बसला होता. दादाने त्याला एक गाणं चारात म्हणू दिलं, मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला की हे आपल्या सेटमधे बसत नाही, याला शेवटी दोन मिनिटं देऊ, वन्स मोअर आलं तर. मी विचारलं काय बसत नाही? तर म्हणे रॅपला ठोका लागतो, ताल लागत नाही, चार मात्रांत बडबड करायची आणि हूड घालून उभं राहायचं, याला लयकारी, म्हणजे लयीशी खेळणं, नाही म्हणतात.

मी काही बोललो नाही, पोराला घेऊन मागच्या खोलीत गेलो. तिथे खुर्च्यांचे ढीग आणि पाण्याचे बॉक्स, त्यातल्या एका बॉक्सवर मी रूपक धरला, म्हणजे सात मात्रांचा ताल, ती ती ना धी ना धी ना, साधा, काही भरणा नाही. पोराची ओळ आठात लिहिलेली, त्यामुळे पहिल्या आवर्तनाला तो एक मात्रा पुढे सांडला, दुसऱ्याला दोन, मग थांबला, हसला, परत. तबला शिकताय म्हणजे तुम्हाला माहितीये की रूपकात सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’च्या जागी येते, तिथे घुमायला बायाच, म्हणजे डग्गाच, नाही, जागा मोकळी. या पोराला कुणी हे शिकवलेलं नव्हतं. पण थोड्या वेळाने त्याने काय केलं, ओळीतला शेवटचा शब्द कापला, सातवीवर श्वास घेतला, समेवर गप्प राहिला आणि दुसऱ्या मात्रेवरून ओळ उचलली. गेली ओळ बसून! आणि प्रत्येक वेळी ती मोकळी सम अशी काही वाजायची की अंगावर काटा. मी दादाला बोलावून आणलं, म्हटलं ऐक. त्याने दोन आवर्तनं ऐकली, म्हणाला "योगायोग आहे", आणि मॅनेजरला फोन लावायला बाहेर गेला. कार्यक्रमात वन्स मोअर आलं नाही, अर्थात, त्या निळ्या लाईटमधे कुणाला येणार. पोरगा पाकीट घेऊन घरी गेला आणि त्यानंतर मी त्या बँडमधे फार दिवस राहिलो नाही.

म्हणून ‘मोअर अरायव्हिंग’ पहिल्यांदा लावला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. पहिलंच गाणं ‘मुंबे’, त्यावर एम्सी मवाली, म्हणजे मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप ग्रुपमधला, तोच ग्रुप ज्यांनी प्रकाश भोईरांना घेऊन आरेच्या वारल्यांवर गाणं केलं. आणि गाणं सातात! खाली जाडजूड बॅरिटोन सॅक्स एकच फ्रेज घोळवतोय, ड्रम सारखे थोडे थोडे सरकतायत, आणि मवाली त्या सातावर असा चालतो की मोजायला बसल्याशिवाय कळतच नाही विषम आहे म्हणून. मी गाण्याची लिंक दादाला पाठवली. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. योगायोग असावा.

आता यात ऐकायचं काय, तर ड्रम ऐका. सुरुवातीला शब्द सोडून द्या. जॅझचा ड्रमर साधारण झांजेवर लय चालू ठेवतो आणि खाली स्नेअर ड्रमवर गप्पा मारतो. कोरवार ऐकताना मला सारखं वाटतं की याच्या डोक्यात आधी ठेका आहे आणि मग भरणा, किकला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला, तो बायासारखा वागवतो, म्हणजे फक्त मात्रा दाखवायला नाही तर वाक्य संपवायला. आणि तो प्रोड्यूसर असल्यामुळे कुठे वाजवायचं नाही हे त्याला कळतं, जे आपल्याकडे साथीला बसणाऱ्या अर्ध्या लोकांना आयुष्यभर कळत नाही. रॅपर बोलतोय तेव्हा ड्रम खाली, रॅपर थांबला की ड्रम उत्तर देणार. ही साथसंगतच आहे हो. ख्यालाला किंवा कथकला बसताना हेच करायचं असतं.

दुसरी गोष्ट, हे रॅपर लोक पाहुणे म्हणून बोलावलेले नाहीयेत. अडीच वर्षं भारत आणि इंग्लंड असं रेकॉर्डिंग चाललं होतं, त्यामुळे २०१९ च्या फेब्रुवारीत ‘गली बॉय’ हा रॅपरवरचा सिनेमा आला आणि मग याने रॅपर गोळा केले असं कुणी म्हणत असेल तर ते उलटं आहे. नावही बघा, इंग्लंडमधे तेव्हा ब्रेक्झिटचं वातावरण, बाहेरून अजून माणसं येतायत म्हणून भीती घालायची रीत, तेच त्याने अल्बमच्या माथ्यावर लावलं. ‘कुली’मधे दिल्ली सल्तनत या नावाने गाणारा कलाकार आणि रॅपर प्रभ दीप आहेत, प्रभ दीप पंजाबीत. ‘बोल’मधे लंडनचा कवी झिया अहमद, तो गोऱ्यांच्या डोळ्यांतला ब्राऊन माणूस एकेक करून सोलतो आणि मागे आदित्य प्रकाशचा कर्नाटक गळा. शेवटचं ‘प्रवासीज’, त्यात दीपक उन्नीकृष्णन हा आखातात वाढलेला लेखक, तिथल्या मजुरांबद्दल. म्हणजे यात कुणी डोळे मिटून स्पिरिच्युअल दिसत नाहीये, सगळे तोंड उघडून भांडतायत.

आणि हे भांडण त्याचं जुनं आहे. भारत आणि जॅझ यांची लग्नं लंडनमधे १९६६ पासून लागतायत, जो हॅरियट आणि जॉन मेयर यांचा ‘इंडो-जॅझ सूट’ तेव्हाचा. तो चांगलाच आहे, मी नावं ठेवत नाही. पण नंतर हळूहळू सतार-तबला म्हणजे उदबत्ती असा प्रकार झाला. कोरवारने २०१८ मधे ‘माय ईस्ट इज युवर वेस्ट’ नावाचा लाइव्ह अल्बम केला, त्यात अ‍ॅलिस कोल्ट्रेन, फॅरो सँडर्स असल्या अमेरिकन जॅझवाल्यांच्या रचना घेऊन त्या परत आपल्या बाजूने वाजवल्या. आणि आपल्याकडे तर त्रिलोक गुर्टू आहेत, गायिका शोभा गुर्टूंचा मुलगा, मुंबईचा, गुडघ्यावर बसून तबला आणि ड्रम एकाच माणसाने वाजवायचे हे त्यांनी कधीच करून दाखवलंय. तेव्हाही कुणीतरी सिनियर म्हणालाच असेल वेळ घालवू नकोस.

बरं, आता थोडं उलट बाजूचं, नाहीतर म्हणाल हा भक्तच आहे. तबला सोलो ऐकायच्या अपेक्षेने गेलात तर निराश व्हाल. दोन-तीन ठिकाणी बोलणं लांबतं, मला ‘प्रवासीज’ प्रत्येक वेळी पूर्ण ऐकवत नाही. इंग्रजी, हिंदी, पंजाबी सगळं असल्यामुळे पहिल्या फेरीत अर्धं डोक्यावरून जातं. आणि पुण्यात शिकला म्हणून "आपला मुलगा" करून मिरवू नका, तो कुणाचा एकाचा नाहीये आणि अल्बम त्यावरच आहे. दादाबद्दल लिहिलं तेही एकाच बाजूचं आहे हे मान्य, त्याला चार वादकांचे महिन्याचे पैसे काढायचे असायचे, मला नव्हते.

तुम्ही करा असं. कोरवारचा २०१६ चा ‘डे टू डे’ आधी ऐका, त्यात गुजरातेतल्या रतनपूरच्या सिद्दी लोकांचं गाणं-वाजवणं आहे आणि त्यावर जॅझ, तिथे त्याचा हात नीट उघडा दिसतो. मग ‘मुंबे’ लावा आणि नुसती टाळी धरा, तबल्याला हात लावू नका. ते हातात बसलं की रूपकचा लेहरा, म्हणजे ताल दाखवत फिरणारी धून, लावून पेपरमधली कुठलीही बातमी मोठ्याने वाचा, समेवर गप्प राहून. फार हसू होतं घरात, पण लयकारी म्हणजे काय ते कायदा पलटे घोटण्यापेक्षा लवकर कळतं, हे माझं मत, तुमच्या गुरुजींचं वेगळं असेल तर क्लासमधे त्यांचं ऐका.

आणि त्या सिनियरला ऐकवणार असाल तर मोबाईलच्या स्पीकरवर अजिबात ऐकवू नका. बॅरिटोन आणि किक दोन्ही गायब होतात, उरतो नुसता ठोका, आणि मग तो म्हणणार बघ, मी म्हटलं नव्हतं?