गाडीच्या डॅशबोर्डमध्ये जीपीएस युनिट घरच्या घरी कसे बसवावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी हॅचबॅक आहे, तिचा स्टिरिओ कधीचाच बंद पडल्याने डॅशमधली डबल डिनची (मोठ्या मापाच्या स्टिरिओची) जागा रिकामी आहे. पाच इंची गार्मिन न्यूवी (गाडीसाठीचे जीपीएस युनिट) काचेला सक्शन कपने लावता, पण उन्हात कप सुटून युनिट खाली पडते. ते रिकाम्या जागेत कायमचे आणि नीटनेटके बसवायचे आहे. घरी जमेल का?

जमेल. मी माझ्या गाडीत हेच केले आहे आणि ते अजून रोज वापरतो. आता सगळे मोबाइलवर चालते, मग हा खटाटोप कशाला, असे तुम्हाला बरेच जण सांगतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. ताम्हिणीत रेंज गेली तरी नकाशा समोर असतो, मध्येच फोन येऊन पडदा झाकला जात नाही आणि फोनची बॅटरी शिल्लक राहते. चांगले चालणारे युनिट कपाटात टाकून देण्यात अर्थ नाही.

फक्त एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: युनिट डॅशमध्ये गाडायचे नाही. बसलेले पक्के दिसावे, पण एका हाताने काढताही यावे, असे करायचे. याला कारण आहे उष्णता. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅश सत्तर अंशांपर्यंत सहज तापतो. युनिटमधली लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करू नये असा नियम आहे. काढता येणारे युनिट सावलीत, ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवता येते. नकाशे अपडेट करायला घरात नेता येते आणि चोराच्या नजरेलाही पडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सिग्नल, आणि ती करवत हातात घेण्याआधीच तपासायची. जीपीएसचा सिग्नल साधारण 20,200 किलोमीटर उंचीवरून येतो आणि आपल्यापर्यंत पोचेस्तोवर फारच क्षीण झालेला असतो. प्लास्टिक त्याला अडवत नाही, धातू मात्र अडवतो. तुमच्या डबल डिनच्या रिकाम्या जागेमागे (तिलाच पुढे खिडकी म्हटले आहे), गाडीच्या या दारापासून त्या दारापर्यंत, पोलादाचा आडवा दांडा असतो. शिवाय एसीचे डबे आणि स्टिरिओचे ब्रॅकेट आहेतच. म्हणून गाडी मोकळ्या आकाशाखाली उभी करा, युनिट त्या खिडकीत जिथे बसणार तिथेच पुठ्ठ्याच्या आधाराने ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा. न्यूवीच्या पडद्यावर सिग्नलचे दांडे दिसतात, त्यांवर बोट दाबून धरले की उपग्रहांचे पान उघडते. तिथे कोणता उपग्रह किती जोरात मिळतो ते दिसेल. मग तेच युनिट काचेजवळ धरा आणि फरक पाहा. थोडा फरक पडणारच. पण खिडकीत दांडे अर्ध्यावर आले किंवा युनिटला आपले ठिकाण सापडायला फार वेळ लागला, तर ती जागा सोडून द्या. न्यूवी 350 सारख्या जुन्या मॉडेलला बाहेरचा अँटेना लावायला जागा होती. तसे युनिट असेल तर छोटा अँटेना डॅशच्या वरच्या कडेला चिकटवला की प्रश्न सुटतो. नंतरच्या बहुतेक युनिटांना ही सोय नाही, तेव्हा ही तपासणी टाळू नका.

सिग्नल ठीक मिळाला की मापे घ्या. डबल डिनची जागा 180 बाय 100 मिलिमीटर असते. पाच इंची गार्मिन साधारण 137 बाय 84 मिलिमीटरचे असते, पण मॉडेलप्रमाणे फरक पडतो, म्हणून तुमचे व्हर्नियरने मोजा. म्हणजे दोन्ही बाजूंना वीस-वीस मिलिमीटरची पट्टी आणि वर-खाली थोडीशीच जागा उरते. बोटे घालायला आणि पडदा थोडा कलता ठेवायला एवढी जागा पुरते.

आता मूळ डॅशला हात न लावण्याबद्दल. गाडीच्या सामानाच्या दुकानात मॉडेलप्रमाणे डबल डिनची फ्रेम मिळते, ती घ्या. तुमच्या मॉडेलची मिळाली नाही तर भंगारातला मधला पॅनेल शोधा. पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हिंडलात तर हाती लागण्याची शक्यता चांगली आहे. तुमचा मूळ पॅनेल कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. उद्या गाडी विकताना तो परत बसवला की डॅश होता तसा.

फ्रेम हातात आली की आधी ती उलटी करून मागे काय लिहिले आहे ते वाचा. बारीक अक्षरांत, दोन कोनी खुणांच्या मध्ये, प्लास्टिकचे नाव कोरलेले असते. एबीएस असेल तर काम सोपे, कारण एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते. त्यामुळे जोड चिकटवण्यापेक्षा एकजीव करता येतो. पीपी लिहिलेले असेल तर त्यावर अराल्डाइट, एम-सील, रंग काहीच नीट धरत नाही. आज घट्ट वाटते आणि पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्र्यासारखे सुटते. पीपीला स्क्रूनेच जोडायचे, आणि रंगवायचे असेल तर खास पीपीचा प्रायमर आधी मारायचा.

युनिटभोवतीची जागा झाकणारी समोरची पट्टी तीन मिलिमीटर जाडीच्या एबीएस शीटची करा. त्याआधी साइनबोर्डवाल्याकडून सनबोर्डचा तुकडा आणून त्याचा नमुना कापा. सनबोर्ड कटरने लोण्यासारखा कापला जातो, चुकला तर दुसरा घ्यायचा. मात्र तो नमुन्यापुरताच, उन्हात तो वाकतो. नमुना लावून तुमच्या नेहमीच्या सीटवर बसा आणि दुपारी पाहा, कारण मागच्या काचेतून येणारे ऊन पडद्यावर कुठे पडते ते तेव्हाच कळते. पडदा चालकाकडे आणि किंचित वर वळलेला हवा. हे पडदे तिरके पाहिले की रंग फिके पडतात, म्हणून थोड्याशा कलानेही मोठा फरक पडतो. वरच्या कडेला दहा-पंधरा मिलिमीटरचा छोटा छज्जा ठेवला तर ऊनही अडते.

थ्री-डी प्रिंट करून घ्यायचा विचार असेल तर चालेल, पण पीएलए या प्लास्टिकमध्ये नको. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. पीईटीजी ऐंशीच्या आसपास टिकते, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात काठावरच. एबीएस किंवा एएसए शंभराच्या पुढे जाते, आणि त्यातही एएसए ऊन जास्त सोसते. प्रिंटवाल्याला हे स्पष्ट सांगा, कारण न सांगता बहुतेक जण पीएलएच काढून देतात.

युनिट धरून ठेवणारा भाग स्वतः बनवायच्या भानगडीत पडू नका. सक्शन कपासोबत जे क्रेडल (युनिट अडकवायचा साचा) आले आहे, त्याचा खटका कंपनीने नेमक्या मापाचा केलेला असतो. तसा घरी होत नाही. त्या क्रेडलच्या मागे सतरा मिलिमीटरचा गोळा बसायची जागा असते. सतरा मिलिमीटरचा गोळा असलेली छोटी चकती बाजारात सुटी मिळते. ती एका जाड पट्टीवर बोल्टने बसवा आणि ती पट्टी स्टिरिओच्या दोन्ही बाजूच्या मूळ ब्रॅकेटना मूळ स्क्रूंनीच लावा. असे केले की वजन गाडीच्या ब्रॅकेटवर येते, समोरच्या पट्टीवर नाही. गाडीला एकही नवे भोक पडत नाही आणि कल हवा तसा फिरवता येतो. ही मागची पट्टी एबीएसच्या दोन थरांची करा. लोखंडी नको, सिग्नलचे कारण वर सांगितलेच आहे.

एबीएस शीटमधली आतली खिडकी कापताना चारही कोपऱ्यांत आधी ड्रिलने भोके पाडा, मग हॅकसॉच्या पात्याने भोकापासून भोकापर्यंत कापा आणि शेवटी कानशीने रेषेपर्यंत आणा. भोके पाडली नाहीत तर कोपऱ्यातून चीर धावते. युनिट आणि खिडकी यांत सगळीकडून एक मिलिमीटर मोकळे सोडा, कारण उन्हात दोन्ही फुगतात. त्या फटीत आतून फेल्टची पातळ टेप लावा, नाहीतर आपल्या रस्त्यांवर दिवसभर टकटक ऐकत बसाल. एका बाजूला बोट जाईल एवढी अर्धचंद्राकार खाच ठेवा, युनिट काढायला तीच लागते. कानशीने निघालेला एबीएसचा कीस टाकून देऊ नका. अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवला की दाट लापशीसारखा होतो आणि जोडांमध्ये व कोपऱ्यांत भरायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. वाळला की तो शीटचाच भाग होतो. गाडीची पुट्टीही चालते, पण थरथरीने तिला बारीक तडे जातात. हे काम मोकळ्या हवेत करा, गॅसच्या शेगडीपासून लांब.

शेवटी पाण्यात बुडवून पॉलिश पेपर मारा, चारशे नंबरचा आणि मग सहाशेचा. त्यावर प्रायमर आणि मॅट काळा स्प्रे. चकचकीत काळा अजिबात नको. तो दुकानात देखणा वाटतो, पण गाडीत चमकतो.

एक बाब सहज विसरली जाते, ती म्हणजे आवाज. न्यूवीचा स्पीकर मागच्या बाजूला असतो. डॅशच्या आत तोंड केले की ‘डावीकडे वळा’ हे बोळा कोंबल्यासारखे ऐकू येते. म्हणून मागची पोकळी बंद करू नका आणि समोरच्या पट्टीत खालच्या कडेला बारीक भोकांची एक ओळ पाडा. हवाही खेळती राहते.

आता वायरिंग. आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढा. स्टिरिओचे कनेक्टर तिथे लोंबत असेलच. बाजारातल्या स्टिरिओंच्या वायरिंगमध्ये पिवळी कायम बारा व्होल्टची, लाल वायर किल्लीबरोबर चालू होणारी आणि काळी अर्थची, असा रिवाज आहे. पण कंपनीच्या मूळ वायरिंगचे रंग वेगळे असू शकतात, तेव्हा रंगावर विश्वास न ठेवता टर्मिनल परत लावून मल्टिमीटरने पाहा. किल्ली एसीसीवर (स्टिरिओ चालू होतो त्या खुणेवर) केली की बारा दाखवते आणि काढली की शून्य, ती तुमची वायर. तिथून दोन अँपियरचा फ्यूज घालून वायर काढा. फ्यूज उगमाजवळच हवा, टोकाला नाही. जोड सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. साधी काळी टेप उन्हात चिकट होऊन सुटते.

या वायरीच्या टोकाला डॅशच्या आत सिगारेट लायटरचे सॉकेट लावा आणि त्यात गार्मिनचा मूळ चार्जर खोचून टायने पक्का बांधा. स्वस्तातले पाच व्होल्टचे कन्व्हर्टर जोडून मोबाइलची केबल लावायचा मोह होतो, पण साध्या डेटा केबलवर न्यूवीला वाटते की आपण संगणकाला जोडलेलो आहोत. मग नकाशाऐवजी संगणकाचे चित्र दाखवून ते बसून राहते. मूळ केबलवर हा त्रास नाही. किल्ली फिरवली की युनिट आपोआप चालू होते आणि गाडी बंद केली की थोड्या वेळाने स्वतःच बंद होते, त्यामुळे वरच्या बटणापर्यंत बोट पोचले नाही तरी अडत नाही.

डॅशच्या आत पिवळ्या आवरणातल्या, पिवळ्या कनेक्टरच्या जाड वायरी दिसल्या तर त्या बहुतेक एअरबॅगच्या आहेत. त्यांना मल्टिमीटरसुद्धा लावायचा नाही आणि तुमची वायर त्यांच्यावरून न्यायची नाही. स्टिरिओच्या पिवळ्या वायरीशी त्यांची गल्लत करू नका.

सगळे बसल्यावर एखाद्या खराब रस्त्यावर चक्कर मारा, पंखा बंद आणि काचा वर करून. आवाज आला तर पट्टीवर हात दाबून पाहा. दाबल्यावर थांबला तर फेल्ट कमी आहे, न थांबला तर मागची केबल कुठेतरी आपटते आहे. तिला फोमची पट्टी गुंडाळा. गार्मिनचा मॉडेल नंबर आणि ब्रॅकेटपासून समोरच्या फ्रेमपर्यंतची खोली कळवलीत, तर गोळ्याची चकती किती आत बसवायची ते मी सांगू शकेन.