'आमची पिढी' आणि 'आपली पिढी'

प्रश्न असा: लेखकांच्या पत्रांत 'आमच्या पिढीचे', 'आपली पिढी' असे उल्लेख येतात. इथे पिढी म्हणजे समवयस्क की समकालीन? आणि 'आमची' व 'आपली' यांत फरक धरायचा का?

धरायचाच. सगळी गोम त्या सर्वनामात आहे. 'आमची पिढी' म्हटले की ज्याला पत्र लिहिले तो सहसा बाहेर राहतो. 'आपली पिढी' त्याला आत घेते. पण 'आपली' आणखी दोन कामे करते. ज्येष्ठाला आदराने 'आपल्या पिढीने आम्हाला वाट दाखवली' असे लिहिणारा स्वतः त्या पिढीत नसतो. आणि 'प्रत्येक लेखक आपल्या पिढीशी भांडतो' यात 'आपल्या' म्हणजे फक्त 'स्वतःच्या'. म्हणून त्याच पत्रातली बाकीची वाक्ये पाहावीत. समोरच्याला 'तुम्ही' किंवा 'तू' म्हटले असेल, तर 'आपली पिढी' दोघांची. पत्रभर 'आपण कळवावे', 'आपल्याला आवडेल' असेच असेल, तर ती बहुधा समोरच्याची. 'आपले पत्र मिळाले' ही पहिली ओळ मात्र पुराव्यात धरू नये, तो साचा आहे. तसाच मायनाही. 'तीर्थरूप' किंवा 'शि. सा. (शिरसाष्टांग) नमस्कार' यांवरून वय आणि नाते कळते, वाङ्मयीन पिढी नाही.

वयावरून ती कळतही नाही. गंगाधर गाडगीळ आणि जी. ए. कुलकर्णी दोघेही १९२३ सालचे, दोघेही कथाकार. तरी गाडगीळांचा 'मानसचित्रे' हा कथासंग्रह १९४६ चा आणि जीएंचा 'निळासावळा' १९५९ चा. नवकथेच्या, म्हणजे चाळीसच्या दशकात मराठी कथेला नवे वळण देणाऱ्या कथेच्या, आघाडीच्या शिलेदारांत जीएंचे नाव सहसा घेतले जात नाही. उलट पु. भा. भावे (१९१०) आणि व्यंकटेश माडगूळकर (१९२७) यांच्यात सतरा वर्षांचे अंतर असूनही नवकथेच्या संदर्भात दोघांची नावे एका दमात येतात. तेव्हा समवयस्क म्हणजे वयाने बरोबरचे, समकालीन म्हणजे एकाच काळात लिहिणारे, आणि पत्रातली पिढी म्हणजे लेखक ज्यांच्याबरोबर आपली सुरुवात धरतो ते. तिसरा अर्थ सर्वांत मोलाचा, कारण तो लेखकाने स्वतः ठरवलेला असतो.

'साठोत्तरी', म्हणजे १९६० नंतरचे, हा शिक्का जुन्या पत्रांवर मारू नये. साठोत्तरी म्हणून ओळखले जाणारे कवी अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांचे 'शब्द' हे अनियतकालिक १९५४ मध्येच निघाले होते. पत्रात 'आम्ही' असेल तर त्या तारखेला त्यात कोण कोण होते, ते नावानिशी शोधावे.

सर्वांत जास्त घोटाळा 'मागचे' या शब्दाने होतो. 'मागची पिढी' म्हणजे आधीची, पण 'आमच्या मागून आलेले' म्हणजे नंतरचे. नुसते 'आमच्या मागचे' असेल तर दोन्ही अर्थ संभवतात. अशा वेळी क्रियापद पाहावे: 'मागच्यांनी लिहून ठेवले' असेल तर आधीचे, 'मागचे काय लिहितील' असेल तर नंतरचे.