जातमुचलक्यातली 'जात' आणि बातमीतला 'सराईत'

प्रश्न असा आहे: 'सराईत आरोपीची १५ हजारांच्या जातमुचलक्यावर सुटका' या मथळ्यात 'जात' कोणती? जातमुचलका म्हणजेच जामीन का? आणि सराईताला जामीन मिळतो कसा?

ही 'जात' फारसीमार्गे आलेली अरबी 'झात', म्हणजे स्वतः. 'साहेब जातीने हजर होते' यातली तीच. मुचलका म्हणजे लेखी हमी. तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर एवढी रक्कम सरकारजमा, असे आरोपी स्वतः लिहून देतो तो जातमुचलका. म्हणून 'जातमुचलका भरला' हे चूक. तो लिहून देतात, त्या वेळी पैसे मोजावे लागत नाहीत. पैसे आधीच ठेवले तर तो रोख जामीन.

जामीन हा मुळात माणूस, दुसऱ्याची हमी घेणारा. हिंदीत सुटकेला 'जमानत' हा निराळा शब्द आहे. मराठीत मात्र 'मी त्याला जामीन राहतो' आणि 'त्याला जामीन मिळाला', दोन्हीकडे एकच शब्द, आणि घोळ तिथेच होतो. माणसाला 'जामीनदार' म्हणावे. त्याच्याकडून ऐपतीचा दाखला मागतात, शिवाय आणखी किती जणांना तो जामीन आहे हेही त्याला लिहून द्यावे लागते. जुन्या कागदांत हजेरीपुरता हाजीरजामीन आणि पैशापुरता मालजामीन असे नेमके शब्द होते. ते वापरातून गेले, हे भाषेचे नुकसानच.

आता 'सराईत'. बातमीदार दाखल गुन्हे मोजून हे विशेषण लावतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८० दोषसिद्धी मोजते. अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) आणि दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) गुन्ह्यातल्या आरोपीला पूर्वी फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षे वा अधिक कैदेच्या गुन्ह्यात दोषी ठरवलेले असेल, तर दंडाधिकारी एरवी त्याला सोडत नाहीत. तीन ते सात वर्षांच्या आतल्या कैदेच्या दखलपात्र गुन्ह्यांत दोन वा अधिक वेळा दोषी ठरला असला तरी तेच. स्त्री, बालक, आजारी यांना सूट मिळू शकते. दहा गुन्हे दाखल पण एकातही शिक्षा नाही, अशा आरोपीला हा अडसर लागू होत नाही.

कलम ४७९ मात्र वेगळे. खटला चालू असताना कमाल कैदेच्या निम्मा काळ तुरुंगात गेला, तर सुटका. पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळ पुरतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. इथे एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असली तरी वाट अडते, मग शिक्षा झालेली असो वा नसो.

म्हणून मथळ्यात 'सराईत' न लिहिता 'दहा गुन्हे दाखल असलेला' किंवा 'दोनदा शिक्षा झालेला', जे खरे असेल ते लिहावे.