आधी लिहून काढ, मग काय ते ठरव

अगं,

तुझा मेसेज वाचला. डिझाईन तू केलंस, मीटिंगमध्ये मांडलं भलत्यानेच, आणि आता तुला कॉम्प्युटर नेटवर्किंग सोडून प्रोजेक्ट मॅनेजमेंटला जायचंय कारण तिथे निदान माणूस दिसतो तरी. वाईट वाटलं मला, पण रागही आला, थोडा तुझाही. ते डिझाईन लिहिलेलं कुठंय? डोक्यात ना?

परीक्षेला स्पॅनिंग ट्री घोकलंस, नेटवर्कमध्ये लूप, म्हणजे गोल फिरणारा रस्ता, होऊ न देणारी ती युक्ती, ती रेडिया पर्लमनची. ऐंशीच्या दशकात ती डिजिटल इक्विपमेंट या कॉम्प्युटर कंपनीत होती. इथरनेटच्या फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या पाकिटात, किती टप्पे झाले ते मोजणारा हॉप काउंट नसतो, त्यामुळे लूप झाला की फ्रेम फिरतच राहते, वर ब्रिज, म्हणजे नेटवर्कचे तुकडे जोडणाऱ्या पेट्या, तिच्या कॉप्या काढत सुटतात नि नेटवर्क ठप्प. तिचा मॅनेजर म्हणाला यावर काहीतरी काढ, आणि नेटवर्क कितीही वाढलं तरी ब्रिजला लागणारी मेमरी वाढता कामा नये, आणि हे सांगून स्वतः सुट्टीवर गेला! हिला त्याच रात्री सुचलं, सगळ्यात लहान आयडीचा ब्रिज रूट, म्हणजे मूळ, धरायचा, बाकीच्यांनी त्याच्याकडे जाणारा जवळचा रस्ता ठेवायचा, जास्तीचे बंद, चालू रस्ता तुटला तरच ते उघडायचे. सुचणं एका रात्रीचं गं, पण नंतर तिने बसून स्पेक, म्हणजे ते नेमकं कसं बनवायचं त्याचं वर्णन, लिहिला, आणि इतका स्वच्छ की बनवणाऱ्यांना तिला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. उरलेल्या आठवड्यात तिने त्यावर कविता केली, ती १९८५ च्या पेपरमध्ये आहे, बघ जमलं तर.

आणि डावलणं म्हणशील तर त्याआधी एका बैठकीत तिने रूटिंगचं, म्हणजे डेटाने कुठल्या रस्त्याने जायचं या प्रश्नाचं, उत्तर सगळ्यांसमोर करून दाखवलं होतं, आणि ती बसते न बसते तोच आयोजक म्हणाला, या प्रश्नाला उत्तर हवंय बरं का. तिथेच बसलेल्या डिजिटलच्या माणसाला मात्र ते कळलं, म्हणून तर ती तिकडे गेली.

लिहिलं की श्रेय मिळतंच असं मी म्हणत नाहीये, इतकी भोळी नाही मी. पण न लिहिलेलं काम जो पहिला बोलेल त्याचं होतं. म्हणून लिही. कंटाळा आला तरी लिही.

मी मॅनेजर झाले नाही ते ठरवूनच. बॅचमधले कुठल्या कुठे गेले, घरी ऐकून घ्यावं लागलं, पगारातही फरक पडला, आणि हल्ली क्लाउडवाली पोरं माझ्याशी जरा हळू, समजावल्यासारखी बोलतात. बोलू देत. रात्री लिंक पडली की तीच पोरं माझी फाईल उघडतात आणि मला फोन करावा लागत नाही. यात हट्ट आहे म्हणतेस? असेल. मला पटतो तो.

तुला खरंच मॅनेजमेंट आवडत असेल तर खुशाल जा, मी अडवणार नाही. रुसून जाऊ नकोस एवढंच. रविवारपर्यंत दोन पानं पाठव, प्रॉब्लेम काय होता, तू काय केलंस, कुठे अडेल. डायग्राम नंतर. आणि वर नाव आणि तारीख घाल बाई, मागच्या फाईलवर दोन्ही नव्हतं.